एक मजला, एक रंग

डॉक्टरांनी माझ्या थोरलीला विचारलं, "दिवसातून किती वेळ मान वर करून असता?"

"आठ तास," ती म्हणाली. "काम अडलेलं असलं तर दहा."

डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वायरमन आहे ती. छताचं काम असतं." तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवून तिच्या हातांकडे पाहिलं आणि मानेचा एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. मणक्यांमधली फट कमी झाली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या, त्या त्यामुळेच. शिडीवरचं काम बंद करा, असं ते म्हणाले. कमी करून चालेल का, असं तिने विचारलं. नाही म्हणाले.

थोरली तेव्हा चौतीस वर्षांची होती. घरी येताना बसमध्ये ती एवढंच बोलली, "आई, मला दुसरं काही येत नाही."

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की मी पुष्कळ वर्षं अडखळायचे. खरं सांगायचं तर या कामात ती आवडीने गेली नव्हती. बारावीला गणितात काठावर पास झाली. पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरायला आम्ही दोघी गेलो, तिथे तीन खिडक्या होत्या. शिवणकामाच्या रांगेत चाळीस मुली, संगणकाच्या रांगेत त्याहून जास्त, आणि वायरमनच्या खिडकीवर सहा जण. ऊन मी म्हणत होतं. तिला चक्कर यायला लागली, म्हणून ती जाऊन त्या सहा जणांच्या मागे उभी राहिली. मी बी.ए. झालेली, शाळेच्या कचेरीत नोकरी करणारी बाई. मी तिथेच होते. तिचा हात धरून मी तिला मागे ओढलं नाही, कारण मलाही कचेरीत परत जायचं होतं.

तिला कामाला लावलं ते वायरमनकाकांनी. आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, "वजन किती?"

"अठ्ठेचाळीस."

"बेस. शिडी कुरकुरणार नाही."

एवढीच मुलाखत. ती त्यांच्याबरोबर जायला लागली. भिंतीत झिऱ्या, म्हणजे वायरीसाठी खाचा, मारणं, पाईप बसवणं, वायर ओढणं, पंखे टांगणं. केस मध्ये येतात म्हणून अंबाडा बांधायची आणि त्यात टेस्टर खोचायची. साइटवर तिचं नाव टेस्टर पडलं ते पडलंच. एकदा घरी फोन आला, "टेस्टर आहे का?" आमच्या ह्यांनी सांगितलं, "आहे, पक्कड हवी असेल तर ती मात्र नाही." पलीकडचा माणूस गंभीरपणे म्हणाला, "नको, टेस्टरलाच द्या फोन."

हसण्यासारखं एवढंच. बाकी अर्धवट बांधलेल्या इमारतींत बाईमाणसाला जायला जागा नसायची, म्हणून ती सकाळी निघाली की संध्याकाळपर्यंत पाणी प्यायची नाही. सव्विसाव्या वर्षी मुतखडा झाला. तिच्या लग्नाचा विषय मी तिसाव्या वर्षापर्यंत काढत राहिले, नंतर तोही सोडला. माझाच घसा दुखायला लागला होता.

डॉक्टरांकडून आल्यावर ती आठ दिवस घरी बसून होती. मग वायरमनकाका आले. एका ऑफिसात त्यांची ओळख होती. दुकानं, दवाखाने, कचेऱ्या अशा इमारतींच्या विजेचे नकाशे तिथे तयार होतात. कुठली वायर किती जाड, कुठून कुठे, कुठल्या पेटीतून, सगळं आधी कागदावर ठरतं आणि मग वायरमनच्या हातात पडतं. काका म्हणाले, "सोळा वर्षं तू दुसऱ्यांचे नकाशे वाचलेस. आता तुझे दुसऱ्यांना वाचू दे."

ऑफिसच्या मालकांनी तिला तीन महिने दिले. शेवटच्या महिन्यात एक इमारत पूर्ण एकटीने करायची. जमली तर ठेवू, नाही जमली तर नाही. तिने घरी येऊन हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, "नाही जमलं तर मी परत शिडीवर जाणार. घरात बसून खाणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"आणि हात?"

"उजवा ठीक आहे."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. उजवा ठीक आहे. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात बधिर झाला तर तो काय धरणार?

मालकांना ऑफिसात दशांश सर म्हणतात, कारण उत्तर पूर्ण आकड्यात दिलं की ते कागद परत सरकवतात आणि म्हणतात, "आणि पुढे?" सुरुवातीचा महिना तिच्या नाकी नऊ आले. साइटवर मोजायचे ते पॉइंट. एक दिवा एक पॉइंट, एक पंखा एक पॉइंट, आणि मजुरीही पॉइंटवरच. दिवा किती विजेचा आहे हे वायरमनला कोण विचारतो? इथे मात्र सगळं त्याच्यावरच. आधी प्रत्येक वस्तू किती वीज खाते ते लिहा, त्यावरून वायर ठरवा, वायरीवरून तिचा स्विच, आणि सगळ्यांची बेरीज करून मेन स्विच. एक आकडा बदलला की खालचे सगळे बदलले. त्यात कॉम्प्युटरवर रेघा मारायच्या. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, भिंतीत झिरी मारायला मला पाच मिनिटं लागतात. पडद्यावर तीच रेघ मारायला पाऊण तास लागला, आणि ती बाथरूममधून गेली."

जेवणाचं टेबल आम्ही तिला देऊन टाकलं. संध्याकाळी ती तिथे कागद पसरायची आणि मी समोर बसून आकडे वाचून दाखवायचे. तक्ते इंग्रजीत असायचे, बारीक अक्षरात. माझा चष्मा नवा होता आणि नोकरीतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. हे आपलं ताट मांडीवर घेऊन खुर्चीत जेवायचे. एकदाच म्हणाले, "बसमध्ये बसल्यासारखं वाटतं. फक्त आपला स्टॉप येत नाही."

तिची इमारत तीन मजली होती. खाली लॉन्ड्री, मधल्या मजल्यावर शिकवणीचा क्लास, वरती चपलांच्या खोक्यांचं गोदाम. मोठ्या इमारतीत वीज तीन तारांनी येते. ओळखायला त्यांना लाल, पिवळी आणि निळी म्हणतात. जड कपाट तिघांनी जिन्यावरून उतरवावं तसं सगळं ओझं त्या तिघींनी मिळून उचलायचं असतं. हे मला तिने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिने खालचा मजला लाल तारेवर टाकला, मधला पिवळ्या आणि वरचा निळ्या.

मी माझ्या कचेरीतली जुनी रंगीत पेन्सिलींची पेटी काढली आणि छापील कागदावर तीन मजले तीन रंगांत रंगवले. फार सुरेख दिसलं. हे मागून डोकावून म्हणाले, "बालवाडी उघडलीत का मायलेकींनी?"

"हे असंच असतं ना?" मी तिला विचारलं.

"वायरमनकाकांची पद्धत आहे. एक मजला, एक रंग. उद्या तिथे बिघाड झाला, कुणी वायरमन आला, तर त्याला बाहेरून बघूनच कळलं पाहिजे. वरचा मजला बंद आहे? मग निळी बघ. संपलं." मग जरा थांबून म्हणाली, "एका शोरूममध्ये मी स्टुलावर चार तास उभी राहून एक वायर शोधली होती. ज्याने ती ओढली त्याने कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. बोटांना मुंग्या पहिल्यांदा आल्या त्या तिथे."

मी निळा रंग आणखी थोडा गडद केला.

सोमवारी तिने ते ऑफिसात दिलं. मंगळवारी संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या आणि तशीच पलंगावर बसली. चहा दिला तर घेतला नाही. मग जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

दशांश सरांनी कागद पाहिला, रंगांना हात लावला नाही. म्हणाले, "लाल तारेवर किती किलोवॅट?"

"बारा." सहा इस्त्र्या आणि पाणी तापवायचा मोठा गिझर, सगळं लॉन्ड्रीत.

"पिवळ्या?"

"पाच."

"निळ्या?"

इथे तिला कळलं. गोदामात चार दिवे आणि दोन पंखे. "एक," ती म्हणाली.

"मेन स्विच किती अँपिअरचा घेतला?"

"चाळीस."

"कसा काढला?"

"बारा, पाच, एक. अठरा. भागिले तीन, सहा. सहाला सव्वीस अँपिअर लागतात, म्हणून चाळीस पुरेल."

"आणि लाल तारेवर प्रत्यक्षात किती जाणार?"

"बावन्न."

"मग लॉन्ड्रीवाल्याने सगळ्या इस्त्र्या लावल्या की काय होईल?"

"मेन पडेल. तिन्ही तारा एकदम बंद."

"म्हणजे खाली इस्त्री तापली की वर क्लास अंधारात. मग ते कुणाला बोलावतील?"

"वायरमनला."

"ज्याची सोय बघितलीत," सर म्हणाले, "त्यालाच रोज हेलपाटे."

त्यांनी कागद सरकवला. ऑफिसातला नकाशे काढणारा मान खाली घालून हसला, तेही तिने मला सांगितलं. पुढच्या बुधवारपर्यंत नवा नकाशा हवा, तोच शेवटचा.

मला त्यात एकच समजलं. तिने मजले वाटले तेही एका परीने ठीक होतं, आणि तीनने भागलं तेही पुस्तकात होतं तसंच. दोन्ही एकत्र आल्यावर इमारत अंधारात गेली. आणि तीनने भागायचा आकडा वाचून दाखवला होता मी.

तोंड धुऊन तिने वायरमनकाकांना फोन लावला. मोबाइल टेबलावर ठेवला होता, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काका, एक मजला एक रंग चालत नाही."

"का चालत नाही? मी तीस वर्षं चालवलं."

तिने आकडे सांगितले. काकांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

"मी केल्या त्या सगळ्या राहत्या घरांच्या इमारती गं," ते म्हणाले. "खाली जेवढे पंखे तेवढेच वर. कुणाकडे एखादा टीव्ही जास्त. म्हणून जमून गेलं. ते का जमतंय हे मी कधी बघितलंच नाही."

"तुमची चूक नाही, काका."

"मग कुणाची? मीच शिकवलं ना?" मग म्हणाले, "मान कशी आहे?"

"आहे."

त्या दिवशी मी एक गोष्ट मनात धरून बसले. सहाच्या सहा इस्त्र्या एका वेळी थोड्याच चालतात? एक तापते, एक गार होते, कुणी जेवायला जातं. तीनच चालत असतील तर लाल तारेवरचं ओझं पुष्कळ उतरेल आणि तिचा पहिला नकाशा कदाचित वाचेल. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "अंदाजाने लिहिलं तर सर विचारतील, कुणी पाहिलं?"

"मी पाहते."

बुधवारी सकाळी ह्यांच्या चार पँटी पिशवीत घालून मी चौकातल्या लॉन्ड्रीत गेले. तिथेही सहाच टेबलं होती. मी बाकावर बसले आणि पर्समधल्या वहीत दर पंधरा मिनिटांनी किती इस्त्र्यांचा दिवा लागलाय ते लिहायला लागले. साडेनऊला दोन. पावणेदहाला तीन. माझा जीव भांड्यात पडत होता.

लॉन्ड्रीवाला आधी आपल्या कामात होता. दहाला म्हणाला, "काकू, पँटी झाल्या."

"असू दे. बसते जरा."

सव्वादहाला: "काकू, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही."

साडेदहाला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुम्ही वीज कंपनीच्या आहात का? सरळ सांगा. माझं मीटर नीट आहे."

"अरे नाही रे बाबा. माझ्या मुलीच्या कामासाठी बघतेय. इस्त्र्या एका वेळी किती चालतात ते."

"मग मला विचारायचं ना. ती वही बघून ही पोरं घाबरलीत." त्याने मागे वळून हाक मारली, "अरे, घाबरू नका रे, आपल्या काकू आहेत." मग मला म्हणाला, "अकरा ते एक सहाच्या सहा. हॉटेलच्या चादरी येतात. गार इस्त्रीपाशी माणूस उभा करून मला परवडेल का?"

"मध्ये बंद नाही होत?"

"दिवा मालवतो, पुन्हा लागतो. पण माणूस थांबत नाही. तुम्ही बघा की."

मी एकपर्यंत बसले. अकरा वाजून पाच मिनिटांनी हॉटेलचा टेम्पो आला आणि त्यानंतर सहाही टेबलांवरून वाफ निघायला लागली. दिवे लागत होते, मालवत होते, पुन्हा लागत होते. दोनदा सहाच्या सहा एकदम लागलेले मी पाहिले. ते मी वहीत लिहिलं, कारण लिहायलाच आले होते. लॉन्ड्रीवाल्याने पँटींचे पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "मुलीला सांगा, आमच्याकडे पण मेन पडतो. तिला वेळ असेल तर बघून जा म्हणावं."

थोरली ऑफिसातून आल्यावर मी वही पुढे केली. तिने एकदा पाहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "अशा दोन लॉन्ड्र्यांचं वायरिंग केलंय मी."

"मग मला जाऊ कशाला दिलंस?"

"तू घरात बसून काय केलं असतंस?"

हे यावर हसले. मी नाही हसले.

पुढचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. रोज संध्याकाळी तेच टेबल, तेच तक्ते. इस्त्र्या दोन लालवर, दोन पिवळ्यावर, दोन निळ्यावर. गिझर निळ्यावर. मग क्लासचे दिवे आणि दोन एसी लाल-पिवळ्यात वाटून द्यायचे, गोदाम पिवळ्यावर, आणि तिन्हींची बेरीज सहाच्या आसपास आणायची. एक दिवा इकडून तिकडे नेला की त्याची वायर लांब व्हायची, वायर लांब झाली की जाडी बदलायची, जाडी बदलली की ज्या पाईपमधून ती जाणार त्यात ती मावायची नाही. मग पाईप मोठा. मग भिंत तेवढी जाड आहे का ते बघा. मी आकडा वाचायचे, ती लिहायची, खोडायची. मानेला गरम पाण्याची पिशवी लावून, ती घसरू नये म्हणून टॉवेलाने बांधून बसायची. रविवारी दुपारी ती एकदम म्हणाली, "आई, सात वाचलंस की नऊ?" मी पाहिलं तर मला ते अक्षर सातही दिसत होतं आणि नऊही. आम्ही दोघी भिंग शोधत घरभर फिरलो. ते ह्यांच्या खुर्चीखाली निघालं. नऊ होतं. त्या नऊसाठी तिने तीन पानं पुन्हा केली.

एका गोष्टीवर ती अडून बसली. आता लॉन्ड्रीच्या एकाच खोलीत तिन्ही रंग आले होते. ती म्हणाली, "कुणी माणूस तिथे इस्त्रीची वायर दुरुस्त करायला येईल, लालचा स्विच पाडेल, आणि त्याला वाटेल खोली मेली. शेजारच्या टेबलाला पिवळी जिवंत असेल. हात लावला की गेला." तिला तिथे दारापाशी एक वेगळा मोठा स्विच हवा होता. त्याची एक दांडी खाली ओढली की खोलीतले तिन्ही रंग एकदम बंद.

"सरांनी सांगितलंय का तो लावायला?" मी विचारलं.

"नाही. ते म्हणतात, वरच्या पेटीत आहे तो पुरे, इथे दुसरा कशाला. इमारतीच्या मालकाचा खर्च वाढतो."

"मग नको लावूस."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"अगं, तू परीक्षेला बसलीयेस," मी म्हटलं. "ठेवायचं की नाही ते त्यांच्या हातात आहे. एकदा कायम झालीस की लाव हव्या तेवढ्या दांड्या. आत्ता कशाला वाद?"

"वरची पेटी जिन्याच्या वळणावर आहे, आई. इस्त्रीवाला जिना चढून पेटी बंद करायला जाईल असं वाटतं तुला? मी असते तर गेले नसते."

बुधवारी तिने नकाशा दिला, दांडीसकट. सर म्हणाले, हे काढा. ती म्हणाली, मी काढणार नाही, तुम्ही काढा आणि खाली तुमची सही करा. मला हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. सर काय म्हणाले, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. कागद ठेवून घेतला."

"चिडले?"

"त्यांचं कळत नाही."

गुरुवारी ती नेहमीच्या वेळेला गेली, नेहमीच्या वेळेला आली. जेवली, झोपली. मी विचारलं, "काही बोलले का?" तर म्हणाली, "दमलेय गं." शुक्रवारीही तेच. टेबलावरचे कागद तिने गोळा करून कपाटावर ठेवले आणि ह्यांनी दहा आठवड्यांनी टेबलावर ताट मांडलं. मी त्याचा अर्थ लावत बसले. कागद उचलले म्हणजे काम संपलं. कुठल्या अर्थाने संपलं? माळ्यावर तिची पत्र्याची हत्यारांची पेटी होती. शुक्रवारी मी स्टूल घेऊन वर पाहिलं, ती आहे ना म्हणून. होती. धूळही होती. त्यानेही माझं समाधान झालं नाही. दोन रात्री मी छताकडे बघत पडून होते आणि ती एकटी शिडी कशी लावेल, डाव्या हाताने काय धरेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. ह्यांना उठवलं तर म्हणाले, "काढलं असतं तर तिने सांगितलं असतं." मग कूस बदलून म्हणाले, "ठेवलं असतं तरी सांगितलं असतं." आणि झोपले.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. ती दुपारी आली ती सरळ आतल्या खोलीत जाऊन झोपली. चारच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजायला लागला. तो बाहेर टेबलावरच राहिला होता. मी घेतला. पलीकडे दशांश सर होते.

"ती झोपलीय," मी म्हटलं. "उठवू का?"

"नको, नको. एवढा निरोप द्या. सोमवारी येताना हेल्मेट आणायला सांगा. नव्या इमारतीची जागा बघायला जायचंय. चढायचं काही नाही, जमिनीवरूनच बघायचं."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "म्हणजे तुम्ही तिला ठेवलंत?"

"गुरुवारीच सांगितलं की तिला. पत्रही दिलं. तिने घरी नाही सांगितलं?"

"नाही."

"आणि हो," ते म्हणाले, "ती लॉन्ड्रीतली दांडी आहे ना, इमारतीच्या मालकाला दाखवायला घेऊन गेलो होतो. अजून तयार नाही तो. सोमवारी तिलाच बोलू दे त्याच्याशी. माझ्याशी भांडते तेवढी भांडली तर होईल."

मी मोबाइल ठेवला. हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. मी आत गेले. ती जागी होती. पालथी पडून भिंतीकडे तोंड करून.

"सोमवारी हेल्मेट आण म्हणाले सर. आणि गुरुवारीच सांगितलं त्यांनी तुला?"

"हं."

"आणि तू दोन दिवस काही बोलली नाहीस? मी इथे जिवाला घोर लावून बसलेय, माळ्यावर चढून पेटी बघून आले..."

"पेटी कशाला?"

"असंच."

ती उताणी झाली. चेहऱ्यावर उशीच्या अभ्र्याच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. चिडलेली नव्हती. नुसती दमलेली होती, फार दमलेली.

"आई, गुरुवारी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? विचारलं असतंस, पगार किती. कायम कधी करणार. पुढची इमारत किती मजल्यांची, त्यात किती जागरणं, मान टिकेल का. विचारलं असतंस की नाही?"

मी जरा विचार केला. "विचारलं असतं."

"मला दोन दिवस कुठलीच उत्तरं द्यायची नव्हती गं. ठेवलं, एवढंच मनात घेऊन झोपायचं होतं. तुला कळलं असतं तर तू खूश झाली असतीस, आणि मग लगेच पुढचं सुरू केलं असतंस." तिने डोळे मिटले. "बाबांना सांग. माझं साइटचं हेल्मेट त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहे."

मी तिच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि डिकीची किल्ली शोधायला लागले.

नवी इमारत किती मजल्यांची आहे, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.